वरच्या खांबाचं फाटक

पेनरिव नावाच्या शेतावरच्या फाटकाला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं तिथला मालक गोरोन्वी म्हणायचा. जन्माला आलेले खोऱ्यात पुष्कळ होते, पण ते बिचारे त्याच्या पाठीमागे बोलत. ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडी कोण लागणार? त्यातून हा म्हातारा चॅपेलमध्ये पहिल्या बाकावर बसणारा.

फाटकाचा घोळ असा होता. डोंगरावरून एक रस्ता खाली गावात उतरतो. दोन्ही अंगांना दगडी भिंती, मधे जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढी वाट. उतरताना उजव्या हाताला पेनरिवचा मेंढवाडा. तिथे भिंतीत मोकळी जागा सोडलेली, आणि त्या जागेत हे फाटक. आता शेंबड्या पोरालाही कळेल की असं फाटक खालच्या, म्हणजे गावाकडच्या खांबाला टांगायचं. डोंगरावरून मेंढ्या यायच्या वेळेला ते बाहेर रस्त्यावर ओढलं की रस्ता अडतो. पुढे वाट नाही म्हटल्यावर मेंढ्या मुकाट वळतात आणि वाड्यात शिरतात. खोऱ्यातली झाडून सगळी फाटकं अशीच आहेत. पेनरिवचं तेवढं वरच्या, डोंगराकडच्या खांबाला टांगलेलं. ते बाहेर ओढलं तर मेंढ्यांच्या तोंडावरच बसणार, म्हणून आत उघडायचं; आणि आत उघडलं की खालचा रस्ता सताड मोकळा. मेंढी ती मेंढी. उजवीकडे वळायचं की सरळ गावात जायचं असा प्रश्न पडला, की ती गावात जाते.

यावर पेनरिवने एक नामी उपाय काढला होता. फाटकाच्या खाली रस्त्यात एक माणूस उभा करायचा, दोन्ही हात पसरून. गेली तीस वर्षं हा माणूस म्हणजे तेगिद, गोरोन्वीचा एकुलता एक मुलगा. पन्नाशीला टेकला होता, डोक्यावरचे केस निम्मे गेले होते, पण खोऱ्यात त्याला अजून 'पेनरिवचा पोरगा' असंच म्हणत. त्याच्या आधी तिथे खुद्द गोरोन्वी उभा राहायचा. म्हणजे बघा, फाटक हलवायचं नाही म्हणून घराण्याने दोन पिढ्या रोवल्या होत्या.

नांतीरच्या शेतावरचा इव्हॉर, त्यांचा शेजारी, याने एकदा धीर करून सुचवलं होतं, "गोरोन्वीकाका, रस्त्यात एक साधी फळ्यांची चौकट आडवी लावली तर? माणूस तरी मोकळा होईल."

"चौकट लावली म्हणजे फाटक चुकलं असं कबूल केल्यासारखं होतं," गोरोन्वी म्हणाला.

"मग माणूस उभा केला म्हणजे काय होतं?"

"माणूस काय, कुठेही उभा असतो."

फाटक टांगलं होतं गोरोन्वीच्या बापाने, एनोखने. एका शनिवारी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी एनोखच्या घरात खिळासुद्धा ठोकत नसत. देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली तर एनोख कोण लागून गेला? सकाळी चॅपेल सुटल्यावर तिथल्या कारभाऱ्यांनी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "एनोख, फाटक उलट्या खांबाला टांगलंस की रे!" एनोखने टोपी घातली आणि म्हणाला, "मुद्दाम टांगलंय." झालं. त्या क्षणापासून ते मुद्दाम टांगलेलं झालं. का मुद्दाम, ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. बापाची विहीर म्हणून खारं पाणी पीत बसणारे लोक जगात सगळीकडे असतात; पेनरिवमध्ये ते पाणी गोड आहे असं शेजाऱ्यांना पटवूनही द्यायचे.

तेगिदचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे ठरलेलं होतं असंही नाही आणि नव्हतं असंही नाही. त्रेगॅरॉनला शेतकी सामानाचं दुकान आहे. खांब, तारा, बिजागऱ्या, मेंढ्यांची औषधं, सगळं मिळतं. तिथे काउंटरवर मायनीर बसायची. तीही धनगराघरची, चाळिशी उलटलेली, आवाज असा की गोदामातला माणूस हाक न मारता धावत यायचा. तेगिद दर बुधवारी तिच्याकडे जायचा आणि कुंपणाच्या तारा ठोकायचे यू-खिळे मागायचा. ताकाला जाऊन भांडं लपवणारे खूप पाहिले, पण हा गडी बारा वर्षं ताकच पीत होता. पेनरिवच्या शेडमध्ये इतके खिळे साठले होते की सगळ्या परगण्याला दोनदा कुंपण घालता आलं असतं.

त्या ऑगस्टात फाटकाचा खांब कुजला. ओकचा खांब वर कुजत नाही, खाली मातीतही कुजत नाही. जमिनीच्या रेषेला, जिथे ऊन-पाऊस दोन्ही लागतं, तिथे कुजतो. एका बैलाने पाठ घासली आणि खांब फाटकासकट आडवा झाला. तेगिद त्या आडव्या फाटकाकडे बघत उभा राहिला. बैलाला त्याने दोन मुठी जास्त खाणं घातलं.

त्या बुधवारी त्याने खिळे मागितले नाहीत.

"बिजागऱ्या हव्यात," तो म्हणाला. "मोठ्या फाटकाच्या. जाड आकड्याच्या."

मायनीरने वर बघितलं. "खांब पडला म्हणे तुमचा."

"पडला."

"मग आता कुठल्या अंगाला टांगणार?"

तेगिदने काउंटरवरचं बोल्टांचं खोकं उघडलं, बंद केलं. "बघू. आबा काय म्हणतात ते..."

मायनीरने बिजागऱ्या काउंटरवर अशा आपटल्या की बाजूचं वजन हाललं. "हे बघ तेगिद, एकदाच सांगते. मला कार्मार्थनच्या दुकानात मॅनेजरची जागा देतायत. सोमवारी हो की नाही ते कळवायचंय. शनिवारी तुमच्या मेंढ्या डोंगरावरून उतरायच्या. मी येणार आहे बघायला. मला जर तू रस्त्यात हात पसरून उभा दिसलास ना, तर मी गाडी वळवीन ती थेट कार्मार्थनलाच जाईल. मला नवरा हवाय. खांब आम्ही दुकानात विकतो."

"किती झाले?" तेगिदने विचारलं, कारण दुसरं काही सुचेना.

"जा तू," मायनीर म्हणाली.

तर असा सगळा मामला होता. फाटक खालच्या खांबाला गेलं तर मायनीर येणार, वरच्याच खांबाला राहिलं तर मायनीर जाणार. एवढं सोपं गणित माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही. आणि सोडवायला नेमका तेगिद!

गुरुवारी सकाळी तो पहार, फावडं, माती ठोकायची धुम्मस आणि नवा ओकचा खांब घेऊन फाटकाशी गेला. गोरोन्वी आधीच तिथे पालथ्या बादलीवर बसलेला. गुडघे गेल्यापासून म्हातारा काम करत नसे, पण काम बघायचं त्याने सोडलं नव्हतं, आणि ते काही कमी कष्टाचं नव्हतं. बघणाऱ्याच्याही आणि बघून घेणाऱ्याच्याही.

तेगिदने मनात येशूचं नाव घेतलं आणि खालच्या बाजूला जाऊन पहार टेकली.

"तिकडे काय सोनं पुरलंय?" गोरोन्वीने विचारलं.

"आबा, मी म्हणत होतो..."

"म्हण की."

"खांब नवा घालायचाच आहे. तर फाटक या अंगाला टांगलं तर?"

"तर काय होईल?"

"मेंढ्या आपल्या आपण आत वळतील."

"आत्ता वळत नाहीत?"

"वळतात. मी उभा असतो म्हणून."

"मग? तुझा कुठे बाहेरगावी जायचा बेत आहे का?"

कार्मार्थन हा शब्द तेगिदच्या जिभेच्या टोकापर्यंत आला आणि तिथेच बसला.

"माझ्या बापाने विचार करून टांगलंय ते," गोरोन्वी म्हणाला.

"काय विचार केला होता आजोबांनी?"

"सांगितला नाही. विचार करणारी माणसं सांगत बसत नाहीत. पोरा, ऊन चढतंय. वर ये."

आणि पोरगा वर गेला. काय म्हणायचं या माणसाला! पन्नाशीचा घोडनवरा, हातात पहार, समोर रिकामी जमीन, आणि बापाने 'वर ये' म्हटलं की वर. स्वतःवर इतका चिडला होता की तो सगळा राग त्याने त्या खड्ड्यात ओतला. खड्डा कंबरभर खोल गेला. खांब उभा केला, ओळंबा लावला. सिमेंट नाही, सिमेंटात ओकचा खांब पाणी धरून बसतो आणि दहा वर्षांत मऊ होतो. थोडे दगड, थोडी माती, मग धुम्मस. पुन्हा दगड, पुन्हा माती, पुन्हा धुम्मस. एकेका थराला असा ठोकला की खाली कुणी असतं तर वर येऊन भांडलं असतं. वरचा आकडा खाली तोंड करून बसवला, म्हणजे बैलाने शिंगाने उचललं तरी फाटक निघायचं नाही. खालची बिजागरी बोटभर पुढे घेतली, म्हणजे सोडलं की आपोआप मिटेल. संध्याकाळी त्याने फाटकाला एका बोटाने ढकललं. ते गेलं, आलं आणि खालच्या भिंतीतल्या कडीत अलगद बसलं. आवाज म्हणून नाही.

खोऱ्यात इतकं सुरेख टांगलेलं फाटक दुसरं नव्हतं. आता साठ वर्षं तरी हलणार नव्हतं. चुकीच्या खांबाला.

"ठीक आहे," गोरोन्वी म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे बक्षीसच. तेगिदला मात्र रडू आलं. त्याने धुम्मस खांद्यावर टाकली आणि मान खाली घालून शेडकडे निघून गेला.

शनिवार उजाडला. मेंढ्या उतरवायच्या दिवशी खोऱ्यातल्या सगळ्या शेतांवरची माणसं एकमेकांच्या मदतीला जातात. आज पेनरिवची पाळी होती. पहाटेच माणसं आणि कुत्री डोंगरावर गेली. इव्हॉर जाता जाता म्हणाला, "काय तेगिद, खांद्यांना तेल चोळलंस का? हात पसरायचेत ना?" तेगिद हसला. तीस वर्षं दरवर्षी हाच विनोद, आणि तीस वर्षं तो दरवर्षी हसत होता.

अकराच्या सुमारास मायनीरची गाडी गावाकडून वर आली आणि फाटकाच्या थोडी खाली, वळणाशी थांबली. ती उतरली, चालत वर आली. फाटकाला एका बोटाने ढकललं. ते गेलं, आलं, मिटलं.

"मस्त टांगलंस," ती म्हणाली.

"हो ना?" तेगिद क्षणभर सगळं विसरून खुलला.

"वरच्या खांबाला."

"आबा म्हणाले..."

"हं." ती परत गाडीकडे गेली. पण गाडी सुरू करता येईना, कारण तेवढ्यात वरून मेंढ्यांचा कालवा ऐकू आला. कळप रस्त्यावर असताना इंजिन सुरू करायचं नाही, हे या खोऱ्यात आईच्या दुधाबरोबर पाजतात. ती भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली.

गोरोन्वी काठी टेकत आला, फाटक आत लोटून त्याला दगड लावला आणि फाटकाच्या खालच्या अंगाला भिंतीशी मेंढ्या मोजायला उभा राहिला. "जा पोरा," तो म्हणाला, "जागेवर जा."

तेगिद जागेवर गेला आणि त्याने हात पसरले.

वरच्या वळणावरून पहिली मेंढी दिसली, मग दहा, मग सगळा रस्ताच लोकरीचा झाला. मागे कुत्री, माणसांच्या शिट्ट्या. तेगिदची पाठ मायनीरकडे होती, आणि ती पाठ भाजत होती. उद्या ही नसेल. पुढच्या बुधवारी काउंटरवर कुणीतरी दुसराच टोणगा बसलेला असेल आणि आपण त्याच्याकडून खिळे घेणार. मरेपर्यंत खिळे घेणार, आणि दर वर्षी 'पोरा, जागेवर जा' ऐकणार. त्याच्या डोक्यात एकदम सणक गेली.

"खड्ड्यात गेलं ते फाटक!" तो मोठ्याने म्हणाला, हात खाली घेतले आणि वळून चालू लागला.

"ए! ए पोरा! जागा सोडू नकोस!" गोरोन्वी ओरडला. वरून इव्हॉर ओरडला. कुत्रीसुद्धा ओरडली. तेगिदने मागे बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोक्यात एक अख्खं वाक्य तयार होतं आणि ते सांडण्याआधी त्याला मायनीरपर्यंत पोचायचं होतं.

"मायनीर, मी कार्मार्थनला तुझ्याबरोबर..."

पण मायनीर त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, मोकळ्या पडलेल्या रस्त्याकडे आणि त्यावरून येणाऱ्या कळपाकडे. तिचे डोळे मोठे झाले. धनगराघरची पोर, तिच्या पायांनी तिला काही विचारलंच नाही. तिने तेगिदला भिंतीवर ढकललं, तीरासारखी वर धावली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

"हो! हो! हट्! वळ तिकडे!"

पुढची मेंढी थबकली. मायनीरकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि वळली. तिच्यामागे दुसरी, मग सगळ्या. पाण्याचा पाट दारं मोडून वाफ्यात घ्यावा तसा सगळा कळप वाड्यात गेला. एक मेंढी इकडची तिकडे नाही. तेगिद गाडीशेजारी भिंतीला टेकून उभा, तिच्या जागेवर. त्याचं वाक्य तोंडातच राहिलं होतं.

शेवटची मेंढी आत गेली. इव्हॉरने दगड काढला. फाटक मिटलं, अलगद.

गोरोन्वीने काठी उंच केली.

"बघा! मी काय म्हणत होतो? फाटकात काडीचा दोष नाही. माणूस मिळत जातो!"

सगळं खोरं हसलं. इव्हॉर तर भिंतीला धरून खालीच बसला. मायनीरचे हात अजून पसरलेलेच होते. तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, स्वतःचेच हात असे बघितले जसे कुणी दुसऱ्याचे आणून लावलेत. कानापर्यंत लाल झाली. हात खाली घेतले.

तेगिद धावत आला. "मायनीर, चूक माझी..."

"एक अक्षर बोलू नकोस," ती म्हणाली. "पहार कुठाय?"

त्याने पहार आणली. ती हातात घेऊन मायनीर फाटकाच्या खालच्या अंगाला गेली, जिथे गोरोन्वी भिंतीला टेकून अजून हसत होता.

"मामंजी," ती म्हणाली, "जरा सरका. इथे खड्डा घ्यायचाय."

हसणं थांबलं. तेगिदला ऐकलं ते खरं की खोटं कळेना. गोरोन्वीने डोळे बारीक केले.

"मामंजी कुणाला म्हणतेस गं?"

"तुम्हाला. आणि हौसेने नाही म्हणत. या घरात आले तर पुढच्या वर्षी तुम्ही मला कुठे उभी करणार ते मी आत्ता बघितलंय. तेव्हा एक तर फाटक हलेल, नाहीतर तुम्ही हलाल."

"माझ्या बापाने विचार करून..."

"त्यांनी विचार केला, तुम्ही उभे राहिलात, हा उभा राहिला. आता माझ्यापाशी येऊन संपलं ते."

गोरोन्वीने वरच्या खांबाकडे बोट केलं. त्याचा आवाज जरा उतरला होता. "पण तो खांब आता निघायचा नाही. फार पक्का बसवलाय माझ्या पोराने."

"राहू दे की मग. तिकडे कडी लावू."

खोऱ्यातली सगळी माणसं बघत होती, इव्हॉर तर श्वास धरून. गोरोन्वीने नाक शिंकरलं, काठी उचलली आणि सरकला. पाऊलभरच सरकला, तेही कुरकुरत. तेगिदने मायनीरच्या हातातून पहार घेतली आणि भिंतीच्या टोकाशी पहिला घाव घातला, मग दुसरा, मग पहार भरभर चालू लागली. गुडघाभर खोल गेल्यावर खणकन आवाज आला आणि त्याच्या हातांना झिणझिण्या आल्या.

"खडक आहे," तो म्हणाला.

"आहेच," गोरोन्वी म्हणाला. "दोन तास ठोकलं की फुटतो. माझ्या बापाकडे एकच होता. शनिवार संपत आला होता, रविवारी पहार उचलायची नाही. म्हणून वर नेलं त्याने फाटक. मी होतो तिथे."

तेगिद खड्ड्यात उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. "आबा, तुम्हाला हे ठाऊक होतं? मी तीस वर्षं तिथे उभा राहिलो आणि तुम्ही एकदा सांगितलं नाहीत?"

"माझ्या बापाने कुणाला सांगितलं नाही, तर मी कसं सांगणार? मीही उभाच होतो," म्हातारा म्हणाला. "आणि तू कधी खणलंच नाहीस रे. नुसतं विचारत राहिलास."